रिकामी टोपली परत जात नाही

माझं नाव विनया. ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला. मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात मी उभी हयात काढली, शेवटची काही वर्षं मेट्रन म्हणून, आणि माझ्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा चपला हळू वाजवायचे. निवृत्त झाले आणि दोन्ही गुडघे बदलून घेतले. पाय वर करून घरात बसून राहायचं ही मला शिक्षाच होती. येणाऱ्या-जाणाऱ्यावर मी खेकसायला लागले तेव्हा माझी मुलगी ऋजुता पुण्याहून येताना एक खेळ घेऊन आली. म्हणाली, "आई, शेजाऱ्यांना शिस्त लावण्यापेक्षा यांना लाव."

खेळाचं नाव 'धुक्याचं खोरं'. टेबलावर एक पातळ पडदा पसरायचा आणि हातात मोजा घालायचा. पडद्यावर बोटभर उंचीचे डोंगर उभे राहतात, नदी वाहू लागते, आणि नदीकाठी काही बुटकी माणसं कुडकुडत तुमच्याकडं बघत असतात. त्यांना जगवायचं, एवढाच खेळ. पण खोऱ्यात धान्य पिकत नाही. डोंगरात एक हिमराक्षस राहतो. तो थंडीत खाली उतरतो आणि फक्त उजेडाला भितो. मीठ, धान्य, लोकर सगळं बाहेरच्या वस्त्यांकडून घ्यावं लागतं, आणि बदल्यात द्यायला आपल्याकडं काही घडवलेलं हवं. ज्याच्या वस्तीत चांगली वस्तू घडते, त्याच्याकडं व्यापाराचा तांडा येतो. ज्याच्याकडं तांडा येत नाही, त्याची वस्ती थंडीत गारठून संपते.

मी वस्तीचं नाव ठेवलं नवी मिरज. माणसांना वॉर्डातल्या जुन्या लोकांची नावं दिली. पाथरवट भीमण्णा, आणि कोठार सांभाळून तांड्याशी सौदा करणारी सोनाक्का. ही दोघं माझी खास.

या बुटक्यांना हुकूम देता येत नाही, तिथंच माझी पंचाईत झाली. त्यांना करून दाखवावं लागतं. मोजा घातलेला हात मी पडद्यावर धरला की त्यांना आभाळातून एक मोठा हात उतरलेला दिसतो. तो काय करतो ते बघून ती शिकतात. आमच्या डोंगरात चांदणखडा सापडायचा, अंधारात आपोआप उजळणारा दगड. तो ओला असेपर्यंत साबणासारखा कापता येतो, वाळला की तडकतो. म्हणून वाहत्या पाण्यात धरून कोरायचा, तळातून पोखरायचा आणि भिंत नखाइतकी पातळ ठेवायची, म्हणजे त्याचा दिवा होतो. पहिल्या थंडीत भीमण्णानं इतके खडे फोडले की मी त्याला वॉर्डातल्या भाषेत झापलं. त्याला ऐकू येत नाही हे माहीत असून झापलं. आणि वसंतात एका सकाळी त्यानं अखंड दिवा कोरून पाण्याबाहेर काढला. मला इतका आनंद झाला की काठी न घेताच मी खुर्चीवरून उठले.

दिव्यांमुळं तांडे यायला लागले. सहा पायांच्या बैलांवर टोपल्या भरून धान्य यायचं, मीठ यायचं. माल उतरवून घ्यायचा, टोपल्या परत द्यायच्या. आमचे दिवे आमच्या पेटाऱ्यांतून जायचे, ते पेटारे पुढच्या खेपेला रिकामे परत यायचे. सरळ हिशेब होता. पण पहिल्याच खेपेला सोनाक्का रिकाम्या टोपल्या बैलावर चढवायला लागली आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं बये, रिकाम्या?"

आता यात माझा काय दोष? आमच्या शेजारी रशीदाभाभी राहतात. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येतो. तो मी धुऊन परत देते तेव्हा त्यात चार करंज्या असतात, काहीच नसलं तर वाटीभर साखर. त्याही तशाच. आमच्या दोघींमध्ये फिरणाऱ्या एका डब्यावर नाव माझ्या सासूबाईंचं आहे, पण तो बहुतेक वेळ असतो भाभींच्या फडताळात. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

तेव्हा मी मोजा घातला, भीमण्णाच्या बाकावरून शिंगाची एक फणी उचलली आणि मिठाच्या टोपलीत ठेवली. दुसऱ्या टोपलीत मूठभर सुकी बोरं टाकली. सोनाक्का टक लावून बघत होती. खेळाच्या दृष्टीनं ही निव्वळ चूक होती. फणी म्हणजे विकायचा माल, तो मी फुकट घालवत होते. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं लुकलुकली, 'अनावश्यक नुकसान'. मी त्यावर चहाची बशी ठेवली. पुढच्या खेपेपासून सोनाक्का आपणहून टोपल्यांत काहीबाही ठेवायला लागली. आणि एकदा दक्षिणेकडच्या कुठल्याशा वस्तीतून आमचे पेटारे परत आले, त्यात तळाशी सुके मासे होते.

अशी पाच वर्षं गेली. गुडघे कधीच बरे झाले. खेळ काही सुटला नाही.

हा खेळ कशासाठी काढलाय, हे मला फार उशिरा कळलं. ऋजुता ज्या कंपनीत कामाला आहे तिचं नाव मेघवाट, आणि खेळही त्यांचाच. तिनं एकदा मला समजावून सांगितलं होतं. त्या बुटक्यांना कुणी आधीपासून काही पढवलेलं नसतं. प्रत्येकाला एक छोटासा मेंदू दिलेला असतो, कोरा. तो दोन गोष्टींतून शिकतो. एक, समोर जे दिसेल त्याची नक्कल करायची. दोन, ते केल्यावर वस्ती जगली की मेली ते बघायचं. जगली तर सवय पक्की होते, मेली तर सवयही तिच्याबरोबर जाते. नक्कल करताना त्यातलं कामाचं काय आणि बिनकामाचं काय हे त्या मेंदूला कळत नाही, म्हणून तो सगळंच उचलतो. लहान मूल बापाची चालही उचलतं आणि त्याचं खाकरणंही उचलतं, तसंच.

ज्या वस्त्या कडक थंडीतून तरतात, त्यांच्यातल्या सौदा करणाऱ्यांचे मेंदू कंपनी उतरवून घेते आणि नव्या वस्त्यांत थोडे थोडे सोडते. विरजण लावतात तसं. एका वाडग्यातलं चमचाभर दुसऱ्या दुधात. अशी कित्येक विरजणं लागत लागत जो मेंदू तयार होतो, तो मालाच्या ने-आणीत फार हुशार असतो. तो कंपनी भाड्यानं देते. कोणता ट्रक कुठं पाठवायचा, त्यात काय भरायचं, वाटेत काय उतरवायचं, हे हल्ली माणसं ठरवत नाहीत, ते मेंदू ठरवतात. खऱ्या रस्त्यावर शिकायचं तर हजार ट्रक वाया जातील. खोऱ्यात हजार वस्त्या गारठल्या तरी कुणाचं काय जातं?

माझं जातं, असं मी तेव्हा म्हणाले होते. ती हसली होती.

मग गुळाचं प्रकरण झालं.

विट्याजवळ एक पोल्ट्रीवाला आहे. त्याची अंडी कोल्हापूरच्या एका दुकानदाराकडं जातात, रिकामे ट्रे परत येतात. एकदा त्या ट्रेंबरोबर गुळाची एक ढेप आली. कुणी मागवली नव्हती, बिल नव्हतं. त्यानं दुकानदाराला फोन केला, दुकानदार म्हणाला मी नाही पाठवली. पुढच्या वेळी शेंगा आल्या. पोल्ट्रीवाला भला माणूस. फुकटचं कसं ठेवून घ्यायचं, म्हणून त्यानं गुपचूप दोन ट्रे जास्त पाठवून दिले. दुकानदारानं ते बघून गाडीतून नारळ पाठवले. असं एकट्या विट्याला झालं नव्हतं. आजऱ्याला एक ट्रक औषधं उतरवून निघायचा तो अर्धा दिवस थांबून राहिला, कारण त्याला पाठवणाऱ्या मेंदूनं ठरवलं होतं की काजूची दोन पोती मिळाल्याशिवाय हलायचं नाही. कंपनीनं त्या मेंदूंना मोकळी जागा भरायला किरकोळ माल उचलायची मुभा दिली होती. ती वापरून ते गूळ, शेंगा, चिंच, जे मिळेल ते रिकाम्या खोक्यांत टाकत होते. गाड्या उशिरा पोचत होत्या, आणि त्याहून वाईट म्हणजे मालाची मोजदाद कुठंच जुळत नव्हती. ही खोड काढायचं काम आलं ऋजुताकडं.

एका शनिवारी दुपारी ती न कळवता घरी आली. चप्पल काढली, पाणी प्यायली आणि थेट टेबलाशी जाऊन उभी राहिली. पडद्यावर भीमण्णा दिवा कोरायला बसला होता. त्यानं पोखरणी उचलली, टोक वर धरलं आणि बोटानं तिला दोन टिचक्या मारल्या.

ऋजुता मटकन खुर्चीत बसली.

"आई, ही टिचकी कुणाची आहे?"

"कसली टिचकी?"

"सिरिंजमधली हवा काढायला मारतात ती. तू मारतेस ती. तू पेनालासुद्धा मारतेस."

मला खरंच माहीत नव्हतं. भीमण्णाला दाखवताना मी सवयीनं मारली असणार आणि त्यानं ती उचलली.

"निम्म्या खोऱ्यातले कारागीर सौदा करणाऱ्यांचं बघून हत्याराला दोन टिचक्या मारतात," ती म्हणाली. "कशासाठी, ते आमच्या एकालाही कळेना. त्यात तोटा नाही, म्हणून ती सवय गळून पडली नाही. गुळाची खोड शोधत मी मागं मागं जात होते. जिथं जिथं टोपलीत काही ठेवतात, तिथं तिथं ही टिचकी सापडत होती. काल रात्री डोक्यात प्रकाश पडला. आई, तू टोपलीत काही ठेवायला शिकवलंस?"

"ठेवणार नाही तर काय? रिकामी द्यायची?"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मी घाबरलेच. आमच्या घरात रडायची पद्धत नाही.

हकिगत अशी होती. तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, मुळातून साफ करायचं. भाड्यानं दिलेले सगळे मेंदू धुवायचे, आणि ज्या वस्तीतून खोड निघाली तिथला मूळ मेंदूही धुवायचा, म्हणजे पुन्हा विरजण लागणार नाही. ती वस्ती आपल्या आईची आहे, हे ऋजुतानं त्यांना रात्रीच फोनवर सांगून टाकलं होतं. लपवाछपवी तिच्या रक्तात नाही. साहेब म्हणाले, मग बरंच झालं, तूच जाऊन त्यांची परवानगी घे. खेळणाऱ्यानं परवानगी दिली तर एकट्या सोनाक्काचा मेंदू धुवायचा. नाही दिली तर अख्खी नवी मिरज बंद करायची.

"धुवायचा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पहिल्या दिवशी होती तशी. कोरी."

"तिला कोठार कुठं आहे तेही कळणार नाही?"

"नाही."

"भीमण्णाला ओळखेल?"

मेंदूला मार बसलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. बायको समोर वाटीत पेज घेऊन बसलेली असते आणि नवरा तिला विचारतो, बाई, तुम्ही कोण?

"हे बघ आई, ती माणसं नाहीत."

"ते मला सांगू नकोस. माणसं नाहीत हे मला कळतं, मला काय खूळ लागलंय? पण पाच वर्षं ज्यांना जगवलं, त्यांच्याबद्दल काही वाटू नये असं कुठं लिहिलंय?"

"तोटा होतोय, आई. खराखुरा. आजऱ्याला ड्रायव्हर उन्हात अर्धा दिवस बसून राहिला."

"तो थांबायला नको होता, हे कबूल. तेवढं नीट करा की. गाडीला उशीर होऊ द्यायचा नाही एवढंच शिकवा. सगळंच कशाला पुसायलात?"

"एवढंच वेगळं काढता येत नाही. ते मेंदूत एका जागी नसतं. दुधातून साखर परत काढतेस का तू?"

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी नाही केलं तर दुसरं कुणी करेल, आणि ते विचारणारही नाही, सरळ वस्ती बंद करेल. म्हणून मी आले."

त्या संध्याकाळी आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही येत होती. रात्रभर मी कूस बदलत राहिले. वॉर्डात एक गोष्ट मी शिकले होते: पाय वाचत नसेल तर कापायचा, रोगी वाचवायचा, आणि रडायचं ते नंतर. इथं काही सडलेलं नव्हतं हे खरं, पण कापणाऱ्यांच्या हातात सुरी होती. सोनाक्का एकटी. तिच्यापाठीमागं अख्खी वस्ती. सकाळी उठून मी चहा केला आणि ऋजुताला म्हणाले, "दिली परवानगी. पण तूच करायचंस, आणि माझ्यासमोर करायचंस."

तिनं मान हलवली. परवानगीच्या करारात आणखी एक अट होती: यापुढं मी टोपलीत काही ठेवून दाखवायचं नाही, खुणावायचंसुद्धा नाही. मी सही केली. सही केली म्हणजे पाळायची, हे मला कुणी सांगायला नको होतं.

काम क्षणात झालं. ऋजुतानं तिच्या यंत्रावर काहीतरी केलं, आणि कोठाराच्या दारात उभी असलेली सोनाक्का थबकली. हातातला मिठाचा खडा तिनं असा पाहिला, की हे काय असावं. भीमण्णा नवा दिवा घेऊन आला, रोजच्यासारखा तिच्यापुढं धरला. ती दोन पावलं मागं सरकली. तो बिचारा दिवा धरून तसाच उभा राहिला. ऋजुतानं तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. मीच परवानगी दिली होती, तेव्हा बघायलाही मीच हवी होते.

ती पुण्याला परत गेली. दुपारी रशीदाभाभी आल्या, माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं सिस्टर?" मी सगळं सांगितलं. त्यांना निम्मं कळलं असेल, पण त्यांनी नेमकं विचारलं, "हात-पाय शाबूत आहेत का तिचे?"

"आहेत."

"मग शिकवा की पुन्हा. तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

मी मोजा चढवला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे मीठ, हे कोरड्यात ठेवायचं. हा दिवा, हा तळाशी धरायचा. हा तांडा, याला घाबरायचं नसतं. किती मीठ आलं की किती दिवे द्यायचे, हे दाखवता दाखवता माझा हात भरून यायचा. सोनाक्का चुकायची, दिवे फोडायची, एकदा तर तिनं सगळं धान्य नदीकाठी उघड्यावर रचून ठेवलं. मी दात-ओठ खात पुन्हा दाखवायची. भीमण्णाही रोज तिच्यापुढं येऊन दिवा धरायचा. आमचं दोघांचं ठरल्यासारखंच होतं, की हिला उभी केल्याशिवाय थांबायचं नाही. फक्त टोपल्या परत द्यायची वेळ आली की मी मोजा काढून ठेवत होते. टोपल्या रिकाम्या जायच्या. माझ्या जिवाला ते लागायचं, पण शब्द म्हणजे शब्द.

तिकडं भाड्यानं दिलेले मेंदूही धुऊन झाले होते. विट्याच्या पोल्ट्रीवाल्याकडं नुसते ट्रे येऊ लागले. ऋजुताला शाबासकी मिळाली. फक्त एक शेवटचं काम उरलं होतं. खोड मुळातून गेली आहे, असा अहवाल तिला स्वतःच्या सहीनं द्यायचा होता, आणि तो दिला की नवी मिरज पुन्हा चांगल्या वस्त्यांत जमा होणार होती. त्यासाठी ती दसऱ्याच्या सुमारास घरी आली. सोनाक्का आता बऱ्यापैकी कामाला लागली होती. त्या दिवशी सकाळी खोऱ्यात तांडा उतरला.

हा तांडा दक्षिणेकडचा होता. त्या वस्तीचा खेळणारा कोण, कुठल्या देशातला, मला माहीत नाही. त्यांचा मेंदू कुणी धुतलेला नव्हता. धुवायचं कारणही नव्हतं. मूळ छाटलं की झालं, असा कंपनीचा हिशेब होता. याआधीही त्यांच्या दोन खेपा होऊन गेल्या होत्या. आमचे पेटारे ते परत आणायचे आणि प्रत्येक पेटाऱ्यात काहीतरी असायचं. पहिल्या खेपेला सोनाक्कानं आतले सुके मासे काढून नुसते हुंगले होते. दुसऱ्या वेळी ती पेटारा उघडायच्या आधीच त्याच्याभोवती फिरायला लागली होती.

आज तिनं पेटारा उघडला. आत रंगीत शिंपले होते. ते तिनं एकेक करून कोठारात नेले. माल उतरला, दिवे चढले, सौदा झाला. राहिल्या टोपल्या. मी मोजा काढून दोन्ही हात मांडीखाली घेतले. ऋजुता तिच्या यंत्रावर डोळे लावून बसली होती, कारण आत काय काय घडतंय ते तिथं तिला अक्षरांत दिसतं.

सोनाक्कानं टोपली उचलली. बैलापाशी नेली. तिथं थांबली. टोपलीत वाकून पाहिलं, मग तांडा घेऊन आलेल्या बाईकडं पाहिलं. टोपली खाली ठेवून ती चालायला लागली. भीमण्णाच्या बाकापाशी गेली, शिंगाच्या फण्यांमधली एक उचलली, परत आली आणि टोपलीत ठेवली. मग दुसऱ्या टोपलीसाठी दुसरी आणायला निघाली.

मी पडद्यावर वाकले.

"तू दाखवलंस?" ऋजुतानं विचारलं. लगेच स्वतःच म्हणाली, "नाही. मला दिसतंय. तू काहीच दाखवलेलं नाहीस. धुतलेल्या मेंदूत शिल्लकही काही नव्हतं."

"मग हिला आलं कुठून?"

"त्यांच्याकडून," तिनं तांड्याकडं बोट केलं. "तू त्यांना शिकवलंस, त्यांनी हिला." तिनं यंत्र बाजूला ठेवलं. मग हळू म्हणाली, "आम्ही ते हिच्या डोक्यात शोधत होतो. ते डोक्यात नव्हतंच, आई. ते येण्या-जाण्यात आहे. हिला किती वेळा धुतलं तरी पुढच्या पेटाऱ्याबरोबर परत येणार."

"मग आता काय करशील?"

तिच्या यंत्रावर अहवाल तयार होता. नुसतं 'साफ' म्हणून सही करायची होती. ती सही केली असती तर कुणाला लगेच कळलंही नसतं. नवी मिरजेतून पुन्हा विरजण लागायला वर्ष-दोन वर्षं गेली असती, आणि तोवर तिला बढती मिळाली असती. मी तसं म्हणालेही. आई आहे मी, म्हणणारच.

"खोटी सही करू?" ती म्हणाली. "तुझी मुलगी आहे मी."

तिनं लिहिलेलं सगळं पुसलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती. ही सवय एका वस्तीतून काढता येत नाही. काढायचीच असेल तर सगळं खोरं एकदम धुवावं लागेल, आणि त्याबरोबर आजवर शिकलेलं सगळं जाईल. त्याऐवजी गाडी ठरल्या वेळी निघालीच पाहिजे एवढा एक धडा नव्यानं द्यावा, तो देता येतो. मोजदाद जुळत नसेल तर मोजणी सुधारावी. इथपर्यंत लिहून ती थांबली. मग खाली एक ओळ आणखी घातली: खोरं धुवायचं ठरल्यास ते काम मी करणार नाही.

"नोकरी जाईल गं," मी म्हणाले.

"जाईल कदाचित."

तिनं अहवाल पाठवून दिला. मला तिची काळजी वाटत होती. आणि तिचा अभिमान इतका वाटत होता की तिला जवळ घ्यावं असं वाटलं. पण आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी तिच्या डोक्यावर नुसती टपली मारली.

पडद्यावर सोनाक्का तिसरी फणी टोपलीत घालत होती. वरून दुसरी टोपली रचली जाणार, खाली फणी उघडीच पडलेली.

"मोडेल ती अशानं," ऋजुता म्हणाली.

"मोडेल की. पण मला दाखवता येणार नाही. मी शब्द दिलाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पाच वर्षांत तिनं या खेळाला एकदाही हात लावला नव्हता. तिनं टेबलावरचा मोजा उचलला, तिच्या हाताला तो थोडा सैल झाला, आणि खोऱ्याच्या आभाळातून एक नवा हात खाली उतरला. तिनं फणी टोपलीतून बाहेर काढली, वाळक्या गवतात गुंडाळली आणि परत नीट आत ठेवली. सोनाक्का बघत होती. मग तिनं उरलेल्या दोन्ही फण्या बाहेर काढल्या आणि ती गवत गोळा करायला गेली.

करारावर सही माझी होती. ऋजुताची नव्हती.